अर्ध्या ऐनाचा रुपया

नाण्यांच्या आणि पोस्टाच्या तिकिटांच्या प्रदर्शनांत चोऱ्या होतात, हे प्रदर्शने भरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याबद्दल बोलायचे मात्र नाही, असा एक अलिखित संकेत आहे. संध्याकाळी टेबले आवरताना एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसतो, दोघे-तिघे त्याच्याभोवती जमतात, 'जाऊ द्या हो, उगीच नाव खराब होतं' असे कोणीतरी म्हणते आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात. मीही एकदा असाच गप्प बसलो होतो.

ज्या नाण्यामुळे हे घडले ते आधी सांगतो. आमच्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत अजून 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द ऐकू येतात. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. हाली रुपया वजनाला ११.१७८ ग्रॅम, कलदार ११.६६, चांदीही हालीत कमी. म्हणून १९५० साली भारतीय रुपया इकडे रीतसर आला तेव्हा सात हालीला सहा असा भाव ठरला. हाली पुरता रद्द व्हायला १९५९ साल उजाडले. मी त्याच सुमाराला जन्मलो, त्यामुळे हालीने व्यवहार केल्याची आठवण मला नाही. माझ्यासाठी हाली म्हणजे आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ. वाटण्या झाल्या तेव्हा ती तोडली गेली आणि आईच्या वाट्याला पाच रुपये आले. सोनाराने कड्या कापून काढल्या, पण डागाचा व्रण नाण्याच्या काठावर राहिला.

या रुपयावर चारमिनार आहे. मधल्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे पहिले अक्षर असते. महबूब अली खान असेपर्यंत तिथे 'मीम' होते. ऑगस्ट १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि तिथे 'ऐन' आले. सुरुवातीच्या नाण्यांवर हे अक्षर अर्धवटच उमटवलेले आहे, पुढे ते पूर्ण झाले. हिजरी १३२९ चा हा 'अर्ध्या ऐनाचा' रुपया संग्राहक शोधत फिरतात. आईच्या पाचांपैकी एक तो होता, हे मला बँकेत लागल्यावर दहा वर्षांनी, भिंग घेतल्यावर कळले.

जानेवारी २०११. नांदेडातल्या एका सभागृहात आम्हा हौशी मंडळींचे प्रदर्शन होते. माझ्या टेबलावर बेचाळीस नाणी होती, मखमलीवर उघडी मांडलेली. काच नको, लोकांनी हातात घेऊन पाहावे, असा माझा त्या वेळचा बाणेदार विचार. शाळांची पोरे रांगेने येत होती. त्यांतला नववीतला एक मुलगा रांग पुढे गेली तरी माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिला. त्याच्याकडे एक वही होती. नाण्यावर कागद ठेवून तो पेन्सिल आडवी घासायचा आणि नाण्याचा छाप कागदावर उठायचा. जाणकार नाक मुरडतील, नाणे घासू नये हा पहिला धडा. पण मला त्याचे कौतुक वाटले. मी त्याला कमान दाखवली, ऐन दाखवले, हा रुपया बाकीच्यांहून महाग का तेही सांगितले. त्याने त्याचा छाप घेतला, दोन्ही बाजूंनी.

पाऊण तासाने मी जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावरच्या स्नेह्याला 'जरा लक्ष असू द्या' म्हटले. परत आलो, मोजले, एक्केचाळीस. कोणते गेले ते न बघताही मला कळले होते.

पुढचे दहा मिनिटांत झाले. दार लावून घेतले गेले. कोणीतरी विचारले, 'साहेब, जास्त वेळ कोण उभं होतं?' आणि मी बोट दाखवले. होय, मीच. त्या नाण्याची किंमत मी त्याला सांगितली होती, म्हणून ते नाणे उचलायचे त्याला कळले असणार, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला. सभागृहात त्या वेळी ती किंमत माझ्याहून चांगली जाणणारे निदान वीस लोक होते. ते सगळे आमचेच होते, म्हणून हिशेबात आले नाहीत.

त्याचे दप्तर टेबलावर उलटे केले गेले. कंपासपेटी, फडक्यात बांधलेली भाकरी, दोन पुस्तके, ती वही. 'म्या न्हाई घेतलं सर,' तो एवढेच म्हणाला, आणि तेही मला. बाकी कोणाकडे त्याने पाहिले नाही. खिसे तपासले. काही निघाले नाही. एकाने वही चाळली आणि 'नुसत्या रेघोट्या' म्हणून टाकून दिली. मुलाने एकेक वस्तू दप्तरात भरली. मी त्याला काहीही म्हणालो नाही.

पोलिसांत जावे असे मी एकदा सुचवले. आयोजक हबकले. पंचनामा झाला तर पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही, शाळा मुले पाठवणार नाहीत. मलाही ते पटले, कारण बँकेची सवय. संध्याकाळी रोकड कमी भरली की कॅशियर ती खिशातून भरतो आणि किर्द जुळते. किर्द जुळली की प्रश्न संपला. मी मनातल्या किर्दीत एक नाणे खर्ची टाकले आणि घरी आलो.

खरे तर याच बँकेने मला उलटा धडा पस्तीस वर्षे गिरवायला लावला होता. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. दोघांपैकी कोणी चोर आहे म्हणून हे नसते. उद्या काही कमी भरले तर दोघांपैकी कोणावरही नुसता संशय घेता येऊ नये म्हणून असते. रोकड आत जाताना मोजतात, बाहेर येताना मोजतात, सह्या होतात. हे सगळे माझ्या हाडीमाशी खिळलेले. आणि रविवारच्या प्रदर्शनात मी बेचाळीस नाणी मखमलीवर उघडी टाकून, यादी नाही, फोटो नाही, 'जरा लक्ष असू द्या' म्हणून जेवायला गेलो.

२०१३ मध्ये पुण्याच्या एका प्रदर्शनात परगावच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये मला तो रुपया दिसला. अर्धे ऐन, १३२९, आणि काठावर कडीच्या डागाचा व्रण. भिंग लावले. माझाच. व्यापारी सज्जन होता. म्हणाला, 'साहेब, माळेतले रुपये शेकड्यांनी येतात, प्रत्येकाला डाग असतो. तुमचाच कशावरून? फोटो? तक्रार? काही कागद?' कोणाकडून घेतला, या प्रश्नावर तो एवढेच म्हणाला की, तुमच्याच भागातला जुना संग्राहक आहे, मोठे नाव आहे. माझ्या मनात एक नाव येते. ते मी लिहिणार नाही. पुराव्याशिवाय एकाला धरून एकदा पाहिले आहे.

चोरीचा माल विकत घेणाऱ्याची मालकी होत नाही, आणि जाणूनबुजून घेतला तर तो गुन्हाच. त्या वेळी भारतीय दंड संहितेचे ४११ कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७ आहे. शिवाय माझा रुपया १९११ चा, म्हणजे शंभरी पार केलेला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते, तिच्या विक्रेत्याला परवाना लागतो, नोंदी आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. कायदा सगळा माझ्या बाजूचा. पण आधी चोरी झाली होती असे कुठेतरी लिहिलेले हवे, आणि ते लिहू नये असे ठरवणाऱ्यांत मी होतो.

अमेरिकेतले एक उदाहरण या छंदात सर्वांना माहीत असते. १९१८ साली तिथे विमानाचे चित्र उलटे छापलेला शंभर तिकिटांचा एकच ताव विकला गेला होता. त्यातला चार तिकिटांचा जोडलेला तुकडा एथेल मॅकॉय या बाईंचा होता. १९५५ मध्ये नॉरफोकच्या तिकीट-संमेलनात तो मांडला होता, तिथून तो चोरीला गेला. चोरांनी चारही तिकिटे सुटी केली. पण ताव फोडताना प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक क्रमांक घातलेला होता आणि चोरी जगजाहीर केलेली होती. त्यामुळे एकेक तिकीट कुठे ना कुठे ओळखले गेले. तिसरे मिळाले २०१६ मध्ये, एकसष्ट वर्षांनी. उत्तर आयर्लंडमधल्या एका तरुणाने, काय आहे ते न कळता, लिलाववाल्यांना दाखवायला आणले होते. बाई १९८० मध्येच वारल्या होत्या. तिकीट त्यांनी हक्क देऊन ठेवलेल्या ग्रंथालयाला परत गेले.

पेन्सिलीवरून आठवले, असे म्हणता येणार नाही, कारण मॅकॉयबाईंची गोष्ट मी नंतर वाचली. पण पुण्यात व्यापाऱ्याने 'काही कागद?' विचारले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती वही आली. माझ्या नाण्याचा, त्याच्या डागासकट, दोन्ही बाजूंचा छाप या जगात एकाच ठिकाणी होता. मी व्यापाऱ्याकडून आठ दिवसांची मुदत मागितली. त्याने दिली.

शाळेतून पत्ता काढून मुखेड तालुक्यातल्या त्या गावी गेलो. घरी मुलाची आई होती. मुलगा दहावीनंतर हैदराबादला कामाला गेला होता. मी बँकेतला साहेब म्हटल्यावर तिने आधी घाबरून कर्जाची पासबुके काढली. नाण्यांच्या छापांची एक वही होती, म्हटल्यावर ती थोडा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, 'ती व्हय. नांदेडहून आला त्या सांजंला त्यानं चुलीत घातली. भाकरी बी तशीच परत आणलेली.' आणि मला विचारले, 'कशाची वही होती, साहेब? काय कामाची होती का?'

मी चहा प्यालो आणि निघालो. काय घडले होते ते तिला सांगितले नाही. मुलाचा हैदराबादचा पत्ता मागायचा होता, तोही मागितला नाही.

व्यापाऱ्याला मागितली ती किंमत दिली, घासाघीस केली नाही. या वेळी पावती घेतली.

आमच्या प्रदर्शनात तेव्हापासून मी काही हट्ट चालवून घेतले. प्रत्येक टेबलाची क्रमांकवार यादी, वजन आणि फोटोसह, सकाळी दोघांच्या सहीने. संध्याकाळी तीच यादी, तेच दोघे. जेवायला जायचे तर ट्रे झाकून कुलपात. एका वेळी एकच नाणे हातात द्यायचे, ते परत ठेवल्यावर दुसरे. काही गेले तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार, आणि झडती पोलिसांखेरीज कोणी घ्यायची नाही. या शेवटच्या मुद्द्यावर दोन जुने सभासद रागावून निघून गेले. 'तुमचा आमच्यावर विश्वास नाही' असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना तिजोरीच्या दोन किल्ल्यांचे सांगून पाहिले, पटले नाही. बँकेतही नव्या कॅशियरला ते पटायला वर्ष जायचे.

अर्ध्या ऐनाचा रुपया आता यादीत सतरा नंबरला आहे. पोरे आली की मी त्यांना छाप घेऊ देतो. कागद माझा, पेन्सिल माझी, दाबून घासू नका एवढे सांगतो. प्रत्येकाने दोन छाप काढायचे. एक त्याने घरी न्यायचा, दुसरा माझ्या वहीत चिकटवायचा, खाली तारीख आणि स्वतःचे नाव लिहून.