डोंगरवाट निवडताना : मुलांना अडवू नका, तयारीनिशी पाठवा



मागच्या वर्षी आमच्या नांदेडच्या वस्तीतली एक आई दुपारी घरी आली. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मैत्रिणी मे महिन्यात हिमाचलला सात दिवसांच्या ट्रेकला निघालेल्या, उंची जवळजवळ चौदा हजार फूट. आई म्हणाली, "सिस्टर, पाठवू का नको? तिचे वडील तर म्हणतात, हे आपल्या लोकांचं काम नाही."

मी सांगितलं, "ताई, काम आपलंच आहे. पण आधी तिचं रक्त तपासून घेऊ."

डोंगर आपल्याला परका नाही. भिक्खू संघ पायी चारिका करत गावोगाव धम्म सांगत फिरला. सह्याद्रीच्या कड्यांतली लेणी त्यांच्याच मुक्कामासाठी कोरली गेली. पावसाळ्याचे तीन महिने मात्र ते एका जागी वर्षावास करत. चालायचं कधी आणि थांबायचं कधी, हे त्यांनी ठरवून घेतलं होतं. आपणही तेवढंच शिकायचं आहे.

आधी शरीर, मग डोंगर

बहुदिवसीय ट्रेक म्हणजे पाठीवर आठ-दहा किलो ओझं, रोज पाच-सहा तास चाल आणि रात्री थंडीत तंबूत झोप. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. आपल्या मुलींमध्ये हे फार आढळतं. रक्त कमी असेल तर चढावर धाप लागते, चक्कर येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या, रक्त भरू द्या, मग वाट धरा.

दुसरी, सिकलसेल. हा आजार विदर्भात आणि आपल्याकडे किनवट-माहूर पट्ट्यात आदिवासी बांधवांबरोबर बौद्ध समाजातही आढळतो. आई-वडिलांकडून येणारा हा रक्ताचा दोष आहे. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, फार दमणूक झाली किंवा उंचावर प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीत अडकतात आणि असह्य वेदना होतात. ट्रेकमध्ये या चारही गोष्टी एकत्र येतात. सिकलसेलग्रस्त व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा ट्रेक करूच नये. वाहक व्यक्तीला एरवी काही त्रास नसतो. पण फार उंचीवर तिच्याही प्लीहेला इजा होऊ शकते, आणि पाणी न पिता अति श्रम केले तर धोका वाढतो. बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ग्रस्त की वाहक हे कळतं. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन चाचणीची विचारणा करा.

तिसरी, चालू औषधं. दमा, फिट, मधुमेह, बीपी असेल तर लपवू नका. औषधं दुप्पट न्या आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवा.

त्या मुलीची चाचणी पॉझिटिव्ह आली. पुढची तपासणी केली तेव्हा ती वाहक निघाली. घरात कुणालाच माहीत नव्हतं. पोर रडली. तिला वाटलं, आता घरीच बसायचं. डॉक्टरांनी समजावलं, "चाल की! पण पहिलाच ट्रेक एवढ्या उंचीचा नको."

वाट कशी निवडायची?

हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, उलटी, झोप न लागणे ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. आपला सह्याद्री तेवढा उंच नाही. सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. इथे विरळ हवेचं भय नाही. भय आहे ते ऊन, पाणी आणि घसरण्याचं.

नवख्यांनी जुन्नरपासून सुरुवात करावी. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्रीला पायऱ्या आहेत. पुढे नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग, तिथे ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. घाटघर गावात मुक्काम करता येतो. शेजारच्या जीवधनची वाट उभ्या कड्याची आहे, ती पहिल्या खेपेला टाळा. दुसऱ्या खेपेला हरिश्चंद्रगड. पण गड एकच असला तरी वाटा वेगळ्या. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलारखिंडीची लांब आणि दमवणारी, आणि नळीची वाट फक्त सरावलेल्यांची. म्हणून नुसतं गडाचं नाव ऐकून होकार देऊ नका. कोणत्या वाटेने, ते विचारा.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात दगड शेवाळतात, ओढे फुगतात. एप्रिल-मेमध्ये टाक्यांचं पाणी आटतं आणि उष्माघात होतो.

आयोजकाला हे विचारा

महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का? प्रथमोपचार येणारा कोण? मुलींसोबत बाई मार्गदर्शक आहे का? शौचाची सोय काय? वनखात्याची परवानगी कुठल्या मुक्कामाला आहे? जवळचा दवाखाना किती तासांवर? उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली तर पैसे भरू नका.

पिशवीत काय?

माणशी किमान तीन लिटर पाणी. टाक्याचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. टॉर्च, शिट्टी, गरम कपडे, सॅनिटरी पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी. लेण्यांजवळ आग्या मोहोळ असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

डिसेंबरात ती मुलगी तीन दिवस जुन्नरला जाऊन आली. दर अर्ध्या तासाने पाणी पीत होती, मैत्रिणींनाही पाजत होती. परत आल्यावर वडिलांनीच मला विचारलं, "सिस्टर, माझी आणि धाकट्याची पण तपासणी करायची का?" मी म्हटलं, "दादा, उद्याच सकाळी चला." पुढे लग्न जुळवताना दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा हे ट्रेकपुरतं नाही.

तुमच्या घरचं पोर डोंगरावर निघालं असेल तर "नको" म्हणू नका. आधी तपासणी, मग वाट, मग तिकीट.

जय भीम! नमो बुद्धाय!