रुग्णालयाचे नियम आणि परिचर्या विद्यार्थ्यांची माणुसकी : एक विवेचन

प्रस्तावना :

आरोग्यसेवेमध्ये परिचर्येला महत्त्वाचे स्थान आहे. डॉक्टर राउंडच्या वेळी रुग्णाजवळ काही मिनिटे थांबतात, तर परिचारिका पूर्ण पाळीभर वॉर्डात असते. सार्वजनिक रुग्णालयांत या परिचारिकेबरोबर वॉर्डात आणखी एक वर्ग वावरत असतो. हा वर्ग म्हणजे तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी होत. अठरा-वीस वर्षे वयाची ही मुले-मुली वर्गात रुग्णाशी आपुलकीने वागण्याचे धडे घेतात आणि वॉर्डात आल्यावर त्यांना सर्वप्रथम नियमांची ओळख होते. भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर काढायचे, शस्त्रक्रियेपूर्वी पाणी द्यायचे नाही, रुग्णाच्या खाटेवर बसायचे नाही, आजाराविषयी स्वतःहून काही सांगायचे नाही, अशी ही यादी बरीच मोठी असते.

अशा वेळी एखादी आजी हात धरून म्हणते, "पोरी, घोटभर पाणी दे गं." तेव्हा विद्यार्थिनीने काय करावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरातून तिची पुढील सेवाकाळातील वृत्ती घडत असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. रुग्णालयीन नियमांमागील कारणे समजून घेणे.
२. नियम व माणुसकी यांच्यातील संघर्षाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी निर्णयाची कसोटी सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वॉर्डातील उदाहरणे प्रातिनिधिक स्वरूपाची आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आधुनिक परिचर्या शिक्षणाचा पाया फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्यापूर्वी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात त्यांनी स्वच्छ हवा व स्वच्छता यांच्याबरोबरच आवाज, अंथरूण, प्रकाश आणि रुग्णाचे खाणे यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. रुग्णाजवळची कुजबूज, त्याच्यापुढे ठेवलेले थंड अन्न, डोळ्यांवर येणारा उजेड या बाबी त्यांनी किरकोळ मानल्या नाहीत. ज्यांना आज 'छोटीशी माणुसकी' म्हटले जाते, त्या कृती त्यांच्या दृष्टीने परिचर्येचाच भाग होत्या. त्याच पुस्तकात रुग्णाला पोकळ आशा दाखविणाऱ्यांवर टीका करणारे प्रकरणही आहे. म्हणजेच गोड बोलणे आणि माणुसकी यांत फरक आहे, याची जाणीव या शास्त्राला आरंभापासूनच होती.

नियमांचे दोन प्रकार :

रुग्णालयातील सर्व नियम एकाच हेतूने तयार झालेले नसतात. काही नियम थेट रुग्णाच्या जिवाशी निगडित असतात. भूल दिल्यानंतर जठरातील अन्न किंवा द्रव वर येऊन फुफ्फुसात गेल्यास प्राणावर बेतू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवले जाते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात जादा पाणी साठून श्वास लागतो, म्हणून त्याचे पाणी मोजून दिले जाते. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाच गोष्टी तपासणे याच प्रकारात मोडते.

दुसऱ्या प्रकारचे नियम हे वॉर्डाची सोय, शिस्त आणि काही अंशी कर्मचाऱ्यांच्या मनाचे संरक्षण यांसाठी असतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधील इझाबेल मेंझीस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. वेदना व मृत्यू यांच्या सतत सान्निध्यामुळे परिचारिकांच्या मनावर ताण येतो आणि तो टाळण्यासाठी संस्था नकळत कामाची विशिष्ट रचना उभारते, असे त्यांनी दाखविले. एका परिचारिकेकडे एक रुग्ण न देता सर्व रुग्णांचे एकेक काम देणे, रुग्णाला नावाऐवजी खाट क्रमांकाने किंवा आजाराच्या नावाने संबोधणे, ही अशा रचनेची लक्षणे होत. या रचनेने ताण कमी न होता सेवेतील समाधान मात्र हिरावले जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडील वॉर्डातही 'बारा नंबरचा पेशंट' हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. त्यामुळे हे निरीक्षण परके वाटत नाही.

माणुसकीच्या तीन पातळ्या :

१. नियमाच्या आत राहून करता येणारी कृती : रुग्णाला नावाने किंवा आजी, मावशी, काका असे संबोधणे, इंजेक्शन देण्यापूर्वी सांगणे, पडदा ओढून मगच स्पंज बाथ देणे, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवणे, अशा कृतींना कोणताही नियम आडवा येत नाही. तरीही घाईच्या पाळीत सर्वप्रथम याच कृती गळून पडतात. अशा वेळी नियमाकडे बोट दाखविणे योग्य ठरत नाही.

२. विचारून करता येणारी कृती : समजा, एका वृद्ध रुग्णाची सकाळी नऊची शस्त्रक्रिया लांबणीवर पडून दुपारी तीनवर गेली. केस पेपरवर 'रात्री बारानंतर काही नाही' एवढीच सूचना आहे. घसा कोरडा पडल्याने आजोबा वारंवार पाणी मागत आहेत. विद्यार्थिनीने स्वतःच्या मनाने पाणी देणे चुकीचे आहे आणि 'नियम आहे' म्हणून पाठ फिरविणेही अपुरे आहे. नियोजित शस्त्रक्रियेसाठी हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास एवढे अंतर निरोगी व्यक्तीच्या बाबतीत पुरेसे मानले जाते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून हेच सांगतात. मधुमेहासारख्या आजारात हा हिशेब बदलू शकतो, म्हणूनच निर्णय भूलतज्ज्ञांचा असतो. परंतु वेळ बदलल्याची व रुग्ण तहानलेला असल्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे विद्यार्थिनीला शक्य आहे. 'सिस्टर, यांचे ऑपरेशन दुपारवर गेले आहे, थोडे पाणी देता येईल का हे विचारता का?' एवढे एक वाक्य पुरेसे असते. येथे विचारणे हीच माणुसकी ठरते.

३. नाकारावी लागणारी मागणी : डायलिसिसवरील रुग्ण ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाणी मागतो, क्षयरोग वॉर्डात लहान नातवाला आत आणण्याचा आग्रह होतो किंवा तपासणीचा अहवाल आधीच सांगण्याची विनंती केली जाते. येथे नकार आवश्यक आहे. मात्र नकार कसा दिला जातो याला महत्त्व आहे. पाणी देता येत नसले तरी तोंड स्वच्छ करून देता येते, ओठांवर ओला बोळा फिरवता येतो, दिवसभराचे मोजके पाणी थोडे थोडे विभागून देता येते. अहवालाविषयी 'काही होणार नाही, घाबरू नका' असे खोटे आश्वासन देण्यापेक्षा 'मला सांगता येणार नाही, पण डॉक्टर राउंडला आले की तुमच्याजवळ उभी राहीन' असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

निर्णयाची कसोटी :

वरील तीन पातळ्या ओळखण्यासाठी एक साधी कसोटी सुचविता येते. केलेली कृती केस पेपरवर लिहिता येईल का आणि पाळी बदलताना पुढील सिस्टरला उघडपणे सांगता येईल का? उत्तर होकारार्थी असल्यास कृती बहुधा योग्य असते. नकारार्थी असल्यास थांबून विचारावे.

या कसोटीला व्यावहारिक आधार आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला दयेपोटी गुपचूप दिलेला पेलाभर पाणी चार्टमध्ये नोंदवला जात नाही. दिलेल्या द्रवाचा व लघवीचा हिशेब जुळत नाही आणि डॉक्टर त्या चुकीच्या आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवतात. लपवलेली दया अशा प्रकारे रुग्णावरच उलटते. स्वतःचा फोन क्रमांक देणे, पैसे उसने देणे, भेटवस्तू स्वीकारणे किंवा रुग्णासोबतचे छायाचित्र प्रसारित करणे या गोष्टीही याच कसोटीवर टिकत नाहीत. शिवाय, एका रुग्णाला गुपचूप दिलेली सवलत शेजारच्या खाटेवरील रुग्णाला नाकारली गेलेली असते, हेही विसरता येत नाही.

नियम आणि माणुसकी यांचे ऐक्य :

नियमित सेवा हीच माणुसकी कशी ठरते, याचे उदाहरण मुंबईतच आढळते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात, इतक्या दीर्घ काळात त्यांना एकदाही शय्याव्रण झाले नाही, याची विशेष दखल घेतली. ठराविक वेळाने कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, भरवणे ही सारी कामे परिचर्येच्या पहिल्या वर्षात शिकवली जातात. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, परंतु या कामांत खंड पडला नाही. येथे नियम आणि जिव्हाळा यांची फारकत करता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, माणुसकीच्या आग्रहातून नियमही बदलतात. प्रसूती कक्षात नातेवाइकांना प्रवेश नाही, हा नियम अनेक सरकारी रुग्णालयांत दीर्घकाळ होता. प्रसूतीच्या वेळी सतत सोबत असल्यास कळांचा काळ कमी होतो व सिझेरियनचे प्रमाण घटते, असे संशोधनातून दिसून आले. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीसाठी स्त्री-सोबतीला परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. कळा देणाऱ्या स्त्रीची पाठ चोळत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थिनीला जे अनुभवाने कळत होते, त्याला अशा प्रकारे धोरणाचे रूप मिळाले.

उपाययोजना :

१. प्रत्येक नियम शिकविताना त्यामागील कारण सांगावे. कारण न कळलेला नियम एकतर आंधळेपणाने पाळला जातो किंवा चोरून मोडला जातो.
२. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने पाळी संपताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : आज कोणत्या रुग्णाला 'नाही' म्हणावे लागले आणि त्याऐवजी काय करता आले?
३. वॉर्ड सिस्टरला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीस उद्धट समजू नये. तिचा प्रश्न रुग्णाच्या वतीने असतो.
४. लॉग बुकमध्ये प्रोसिजरच्या संख्येसोबत रुग्णाशी झालेल्या संवादाचीही नोंद असावी.

निष्कर्ष :

परिचर्येचा विद्यार्थी वॉर्डाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर असतो. परंतु रुग्णाच्या सर्वांत जवळही तोच असतो. नियम मोडून मिळणारे क्षणिक समाधान किंवा नियमाआड लपून मिळणारी सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करण्याची त्याला गरज नाही. नियमाचे कारण जाणून घेणे, उघडपणे विचारणे, केलेले नोंदविणे आणि नाकारावे लागले तरी रुग्णाजवळ थांबणे, हा त्याचा मार्ग आहे. हा मार्ग विद्यार्थिदशेत अंगवळणी पडला नाही, तर पुढे सेवेत आल्यावर रुग्णाऐवजी केवळ खाट क्रमांक दिसू लागतो. म्हणून पाणी मागणाऱ्या आजीला काय उत्तर द्यायचे, हा विषय परिचर्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी असणे आवश्यक आहे.