जुन्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन: घरी काय करावे, काय करू नये

मंडळी, दीड-दोन लाख मैल झालेली कॅम्री किंवा अकॉर्ड आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ड्राइव्हवेमध्ये उभी असते. इंजिन ठणठणीत, पण खड्ड्यातून जाताना पुढून खडाक्‌ असा आवाज येतो. आमची २००५ची कॅम्री गेल्या हिवाळ्यात अशीच वाजू लागली. गॅरेजने खर्चाचा अंदाज दिला २,१५० डॉलर. गाडीची किंमतच जेमतेम तीन हजार! मित्र म्हणाले, "नवीन घेऊन टाक." पण माझे ग्रीन कार्ड अजून रांगेत, आणि कंपनीत ले-ऑफची कुजबुज चालू. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा वेळी पाच वर्षांचे कार लोन गळ्यात नको, यावर बायकोचे आणि माझे एकमत झाले.

आधी तपासणी, मग खरेदी. चाक जमिनीपासून उचलून वर-खाली धरून हलवले आणि खेळ जाणवला, तर बहुधा बॉल जॉइंट गेलेला असतो. डावी-उजवीकडे हलले तर टाय रॉड. आमच्या गाडीत बॉल जॉइंट सैल होता. तो निसटला तर चाक आडवे होते आणि गाडी जागच्या जागी बसते. हायवेवर असे झाले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" हे इथे चालत नाही.

इथे मिशिगनमध्ये खरा शत्रू म्हणजे रस्त्यावरचे मीठ. सगळे बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सपाट काँक्रीटवर दोन भक्कम जॅकस्टँड हवेतच. डोळ्यांवर गॉगल घाला, गंजाचे कण थेट डोळ्यांत पडतात.

स्ट्रटभोवतीची स्प्रिंग मात्र घरी सोडवू नका. ती दाबून बसवलेली असते आणि सुटली तर हात मोडेल, जीवही जाऊ शकतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अनडू' असते, इथे नाही. त्यापेक्षा स्प्रिंगसकट तयार जोडलेला स्ट्रट विकत घ्यावा. थोडा महाग पडतो, पण वर तीन नट आणि खाली दोन बोल्ट, की काम झाले. ब्रेकचे कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधा. टाय रॉडचे टोक काढताना किती फेरे झाले ते मोजा आणि नवे तितक्याच फेऱ्यांवर बसवा.

एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. कंट्रोल आर्मचे बोल्ट चाक हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आर्मखाली जॅक लावून तो गाडी उभी असताना असतो तेवढा वर आणावा, मगच आवळावे. नाहीतर आतले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकाचे नट टॉर्क रेंचने ७६ फूट-पौंडावर आवळले आणि थोडे मैल चालवून पुन्हा तपासले. हे आकडे गाडीगणिक बदलतात, तेव्हा आपल्या गाडीचे मॅन्युअल बघा.

पहिल्या बाजूला सहा तास लागले, दुसरीला तीन. शेवटी व्हील अलाइनमेंट मात्र दुकानातूनच करून घ्यावे, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत एका कडेने झिजतात. सुटे भाग ६४० डॉलर, अलाइनमेंट १३० आणि टॉर्क रेंच ४५, म्हणजे ८१५ झाले. बॉल जॉइंट सोडवायचे हत्यार पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून आणले, परत केल्यावर सगळे पैसे मिळाले.

जॅकस्टँड आणि टॉर्क रेंच कुणाला उसने हवे असतील तर दिवाळीच्या कार्यक्रमात मला गाठा. मात्र स्नो पडायच्या आत.