सुटलेली सही, चुकलेलं दार

सुर्ल्यातल्या शेताचा दिवाणी दावा डिचोलीच्या न्यायालयात चालतो आणि निकाल विरुद्ध गेला, की अपील सहसा उत्तर गोवा जिल्हा न्यायालयात जातं. त्या अपिलाचा पहिला वाचक न्यायाधीश नसतो, छाननीच्या टेबलावरचा कारकून असतो. वकालतनामा, सह्या, कोर्ट फी हे झरझर होतं. बोट थांबतं ते हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेवरच्या शिक्क्यावर: नकलेचा अर्ज कधी आला, नकल तयार कधी झाली. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला 30 दिवसांची मुदत आणि नकलेपायी गेलेले दिवस त्यातून वजा. वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीचं पुढे काय होणार, हे आधी शिक्क्याच्या त्या चौकोनातल्या दोन तारखांवर ठरतं. ते 30 दिवस हुकले तर उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं.

तरीही रीतीच्या चुकांबाबत आपला कायदा उदार आहे आणि ते योग्यच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 99 सांगतं, की निकालाच्या गुणवत्तेला किंवा अधिकारक्षेत्राला धक्का न लावणाऱ्या अनियमिततेसाठी अपिलात हुकूमनामा फिरवायचा नाही. उदय शंकर त्रियार खटल्यात अपिलासोबत वकालतनामाच नव्हता. तो दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. दावा भलत्या तालुक्यात दाखल झाला, तरी कलम 21 प्रमाणे ती हरकत सुरुवातीलाच घ्यावी लागते आणि त्यामुळे अन्याय झाला हेही दाखवावं लागतं. पण विषयावरच न्यायालयाचा अधिकार नसेल, तर ही सारी माफी संपते. किरण सिंग खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असा हुकूमनामा मुळातच शून्य असतो. ती हरकत कधीही घेता येते, अपिलात आणि अंमलबजावणीतसुद्धा.

या ‘कधीही’चा फटका गोव्यात कुळाला बसतो. 1964 च्या कूळ कायद्यात अमुक माणूस कूळ आहे की नाही, हे ठरवणं मामलेदाराचं, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याचं, काम आणि त्या प्रश्नात दिवाणी न्यायालयाला मज्जाव. 2014 च्या दुरुस्तीने हे खटले दिवाणी न्यायालयाकडे नेले, विरोध झाला, 2017 मध्ये ते पुन्हा मामलेदाराकडे आले. तीन वर्षांत दोनदा दार बदललं. भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, वकील सांगतो कुठे जायचं; कुळाला ते चुकल्यावर कळतं. साक्षीपुरावे, जबान्या, निकाल, सगळं होऊन अपिलात अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघाला, तर शिल्लक काय राहतं? मुदत कायद्याचं कलम 14 चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ वजा करतं, पण सचोटी आणि तत्परता सिद्ध करण्याचं ओझं कुळाच्याच डोक्यावर. साक्ष देणारा म्हातारा शेजारी तोवर हयात असेलच, याची हमी कोणतंच कलम देत नाही.

मग अधिकारक्षेत्राचा हा प्रश्न पहिल्याच तारखेला सोडवावा, असं माझं ठाम मत आहे. त्यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. महाराष्ट्राने दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 9अ आणून अधिकारक्षेत्राची हरकत आधी ठरवणं सक्तीचं केलं. दावे त्याच उंबरठ्यावर अडकून पडले आणि 2018 मध्ये ते कलम रद्द झालं. सक्तीचा तो अनुभव नाकारून चालणार नाही. पण तिथे प्राथमिक मुद्द्यासाठीच पुरावा घेत वर्षं जात होती. कुळाच्या दाव्यात तितकी गरज बहुधा पडत नाही: ‘मी कूळ आहे’ हे वाक्य दाव्यात किंवा कैफियतीत लिहिलेलं असतं. निव्वळ कायद्याचा मुद्दा आधी घेण्याची मुभा संहितेच्या आदेश 14 मध्ये आजही आहे. दुसरा आक्षेप असा, की मामलेदाराचं कार्यालय कुळाच्या सोयीसाठीच आहे. मान्य, पण सोय पहिल्या दिवशी सांगितली तरच ती सोय. आणि हे अशक्य नाही: मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, बाबतीत दिवाणी न्यायालयाने तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवायची वाट कायद्यानेच आखली आहे.

प्रत्येक दाव्यात अधिकारक्षेत्राचा एक परिच्छेद लिहावाच लागतो. तो बहुधा साचेबद्ध, एका ओळीचा असतो. तारखांच्या शिक्क्यावर थांबणारं बोट त्या ओळीवरही थांबावं, आणि ते डिचोलीत, अपिलाचे 30 दिवस मोजायची वेळ येण्याआधी.