कपिलधारच्या वाटेसाठी बूट

नेकनूरहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटचे डोंगर आणि कपिलधार जवळच. तिथे मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत लांबलांबून दिंड्या पायी येतात. एवढं चालणाऱ्याने कपड्यांआधी बुटांचा विचार करावा.

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय थोडे सुजतात, चालतानाही सुजतातच. जे मोजे घालून चालणार, तेच घालून माप बघावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, पण टाच आत वर-खाली होता कामा नये. टाच घासली की फोड आलाच. दुकानाची पायरी उतरून पाहावी. बोटं पुढे टेकली, तर तो जोड कितीही स्वस्त असला तरी सोडावा. नवेकोरे बूट थेट यात्रेत घालू नयेत, आधी काही दिवस शेतात, बाजारात वापरावेत.

चढावर नाडी जरा सैल चालते. उतारावर मात्र घोट्यापाशी आवळून बांधावी.

वाटेत टाच चुरचुरली, की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. मुक्कामाची वाट पाहू नये.