विश्लेषण : मढला मुक्कामी जाणाऱ्या जीपमध्ये कोणते बदल करावेत, कोणते टाळावेत?

कल्याण–अहिल्यानगर महामार्गाने माळशेज घाट चढून ओतूरच्या दिशेने निघाले की जुन्नर तालुक्यातील मढ लागते. जवळच पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय, खिरेश्वर आणि हरिश्चंद्रगडाची वाट. अशा ठिकाणी स्वतःच्या फोर-बाय-फोर गाडीतच राहण्या-स्वयंपाकाची सोय करून मुक्काम करायचा, तर गाडीत नेमके काय बदलावे? छतावरचा तंबू, मोठी चाके, लोखंडी बंपर अशी यादी लांबत जाते. मात्र आधी पाहायचे ते गाडीला किती वजन झेपते आणि कायदा काय सांगतो.

वजनाचा हिशेब का महत्त्वाचा?

प्रत्येक गाडीला प्रवासी आणि सामानासह कमाल वजनाची मर्यादा असते. मारुती जिम्नीचे उदाहरण घेऊ. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो, तर कमाल मर्यादा १,५४५ किलो. म्हणजे हातात उरतात सुमारे ३४५ किलो. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की २८० किलो संपले. उरलेल्या ६५ किलोंत तंबू, ४० लिटर पाणी, शेगडी आणि अवजारे बसत नाहीत. दोघेच असतील तर सुमारे २०० किलो शिल्लक राहतात आणि गणित जुळते. वजन वाढले की ब्रेक उशिरा लागतात आणि स्प्रिंग बसतात. त्यातही वजन छतावर असेल तर गाडीचा तोल वर सरकतो. माळशेजच्या ओल्या वळणांवर हा फरक लगेच जाणवतो. म्हणून जड सामान खाली, मागच्या सीटला लागून आणि पट्ट्यांनी आवळून ठेवावे. छतावर किती भार चालतो, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

आधी कोणता खर्च करावा?

टायरवर. कंपनीने सांगितलेल्या मापातच ‘ऑल टेरेन’ प्रकारचे टायर घेतले तर बहुतेक कच्च्या वाटांवर काम भागते. चिखलात टायरमधील हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते, म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवाच. सोबत ओढण्याचा दोर आणि शॅकल ठेवावे. गाडी ओढताना दोर चॅसीवरील मजबूत हुकालाच बांधावा.

स्नॉर्केल बसवले की पाण्यात जाता येते का?

हा गैरसमज आहे. स्नॉर्केल फक्त इंजिनात पाणी शिरू देत नाही. महिंद्रा थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली जाते, पण वाहत्या ओढ्यात त्याहून कमी पाणीही गाडी सरकवू शकते. जलाशय आटल्यावर उघडी पडणारी जमीनही फसवी असते : वरून कोरडी, खाली गाळ. शिवाय अशा जमिनीवर शेतकऱ्यांची गाळपेराची पिके असू शकतात. तिथे गाडी घालू नये.

फ्रीज-दिव्यांसाठी वीज किती लागते?

गाडीतला छोटा फ्रीज साधारण ४५ वॉट घेतो. तो निम्मा वेळ चालू राहिला तरी दिवसाला ५४० वॉट-तास लागतात. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास मावतात, म्हणजे दोन दिवसांची सोय होते. ही बॅटरी मूळ बॅटरीपासून वेगळी ठेवावी, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बंद गाडीत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितले होते. असे गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतात. न कळवलेल्या बदलांमुळे विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे ड्रॉवर, पाण्याचे कॅन, जमिनीवरचा तंबू अशा काढता येणाऱ्या सोयी बऱ्या.

मुक्काम कुठे करावा?

हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्यात येतो. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम किंवा शेकोटी करू नये. गावात शेतमालकाला विचारून किंवा कृषी पर्यटन केंद्रात उतरणे सोपे. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका आहे. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रही आहे. त्यामुळे अन्न आणि खरकटे बंद डब्यात ठेवावे, उघड्यावर झोपू नये आणि अंधारात मुलांना एकटे सोडू नये.

निघण्यापूर्वी एक काम जरूर करावे. टाकी, पाणी, सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर न्यावी. आकडा मर्यादेबाहेर गेला तर सामान तिथेच कमी करावे.