घाटात मोबाईल मुका झाला तर?

पावसाळ्यात भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाताना किंवा वेल्ह्याहून केळदकडे जाताना मोबाईलची रेंज कुठे ना कुठे जातेच. अशा वेळी पुढे दरड कोसळलेली असली, गाडीतल्या आजोबांच्या छातीत दुखू लागले, तर निरोप द्यायचा कसा? या भागात नेहमी गाडी नेणाऱ्या घरांनी वायरलेसचा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

वायरलेसला मोबाईलचा टॉवर लागत नाही. एका संचाचा आवाज थेट दुसऱ्या संचावर पोहोचतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छचे टेलिफोन बंद पडले, तेव्हा हौशी म्हणजे हॅम रेडिओवाल्यांनीच कित्येक निरोप पोहोचवले होते.

पण संच आणला आणि बसवला, असे चालत नाही. हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांवरील मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. या संचावर माल-भाड्याची, धंद्याची बोलणी मात्र करता येत नाहीत.

बसवताना वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. सिगारेट लायटरच्या खोबणीतून घेतली, तर बोलताना लागणारा जास्त करंट तिला झेपत नाही. दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज हवा. तार घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून. एरियल टपाच्या मधोमध उत्तम. १४५ मेगाहर्ट्झसाठी ते सुमारे अर्धा मीटर लांब पुरते. एरियल जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये, संच जळू शकतो. एअरबॅगच्या वाटेत संच नको आणि चालकाने गाडी थांबवूनच बोलावे.

डोंगर आडवा आला की हा आवाजही अडतो. मग पुढच्या वळणावर किंवा उंच जागी जाऊन पुन्हा हाक द्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हाक ऐकणारे कुणीतरी हवे. गाडीत संच आणि घरी सगळे बेखबर, तर उपयोग काय? म्हणून घरातल्या दोघांनी तरी परवाना घ्यावा. अब्बा घाटात असतील तेव्हा घरच्या संचापाशी लेक बसलेली असावी. मध्ये डोंगर येत असेल, तर वाटेवरच्या एखाद्या परवानाधारकाशी बोलण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. ही तयारी पावसाळ्यापूर्वीच व्हायला हवी.